झोका थांबला की

माय, थकले गं मी. सातवा महिना लागलाय, पाय सुजून चपलेत मावत नाहीत आणि तुझी लेक अजून एसटीत तिकीट-तिकीट करत फिरतेय. ऑफिसातलं बसून करायचं काम मागितलंय, तर "बघू" म्हणालेत. त्यांचं बघून होईस्तोवर बाळ शाळेत जाईल.

तेही सोसेन. पण गाडी चालू असली की बाळ हललेलं कळत नाही, ते सोसवत नाही. रस्ता असा, की पोटात लाथ बसली की चाक खड्ड्यात गेलं, काही उमगत नाही. गेल्या बाळाच्या खेपेला असंच झालं. हललं असेल, धक्क्यात कळलं नसेल, असं मी म्हणत राहिले. दवाखान्यात गेले तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची काही चूक नाही. मी मान हलवली आणि घरी आले. तू तर त्याआधीच गेलेली. कुणाच्या मांडीवर डोकं ठेवणार होते?

आज सकाळपासून काहीच नव्हतं. धानोऱ्याला गाडी रिकामी झाली तशी मी पुढे गेले. ड्रायव्हरकाकांना म्हटलं, "काका, बाळ हलत नाही हो. आता परत गेलो की मी थेट दवाखान्यात जाते." त्यांनी इंजिन बंद केलं. "बठा ताई, पानी पिवा. मी चाकं देखी येस," म्हणत खाली उतरले. चाकांना काय धाड भरली होती!

इंजिन गप्प झालं आणि मला एकदम मिरचीची पथारी आठवली. तू उन्हात लाल मिरची पसरतेयस. धाकटी लिंबाला बांधलेल्या झोळीत, झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला. मी चिंच चोखण्यात गुंग. पाय थांबतो, धाकटी भोकाड पसरते, आणि तू तिकडून ओरडतेस, "तुन्हं ध्यान कोठे शे व? झोका थांबना का पोर उठस!" इतका राग यायचा तुझा.

मी पाणी प्यायले. दोन्ही हात पोटावर ठेवून बसून राहिले. कितीतरी वेळ काही नाही. मग डाव्या कुशीत जरासं काही सरकलं, आणि पाठोपाठ चांगली सणसणीत ढुशी. माय गं, रडूच फुटलं मला. काका खिडकीखालूनच म्हणाले, "उठनं का?" मी खिडकीतून मान हलवली. दवाखान्यात तरी जाणारच आहे. आता माझा मलाच भरवसा नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू, सांग. प्रवासी चढून बसलेत, काका आरशातून माझ्याकडे बघताहेत. लोकांना वाटत असेल, बाई काहीतरी कामाचं लिहितेय. खरं सांगू, लिहायचं केव्हाच संपलंय. घंटीची दोरी ओढली की गाडी हलेल, आणि पोर पुन्हा निजेल.