दाजींनी पानं कापली

ता. ३ जून
चि. भिंगरीस मामाचे अनेक आशीर्वाद.
पत्र पोचलं. चीन, जपान, कोरियातली माणसं आणि त्यांच्या रीतीभाती हाच तुला कॉलेजात मुख्य विषय घ्यायचाय, आणि तुझे बाबा म्हणतात, शेजारी कोण राहतं ते धड ठाऊक नाही, निघाली परक्यांची घरं धुंडाळायला! अगं, दाजी पडले बाइंडर. वाद घालून पुठ्ठा वाकत नसतो. मी शाळा अर्ध्यावर सोडली, पण एवढं शिकलोय की ज्याला हातांनी कळतं त्याच्या हातातच द्यावं. तुमच्या मॅडमकडचं तिकडलं एखादं उसवलेलं पुस्तक त्यांना दुरुस्तीला दे. बघ कसे विरघळतात.
लोभ आहेच, तो थोडा वाढवलास तर नको म्हणणार नाही.
तुझा मामा

ता. १५ जून
ती. मामास सा. न. वि. वि.
तुझी युक्ती अंगाशी आली! सुट्टीत घरी जाताना मॅडमचं जुनं जपानी गोष्टींचं पुस्तक नेलं. बाबा खुशीत शिवायला बसले. बघतात तर प्रत्येक पान बाहेरच्या कडेला बंद. म्हणाले, आळशी लेकाचे, कापायचंच विसरले! मी हातपाय धुऊन येईतो सुरी फिरवून मोकळे. आतली बाजू कोरी निघाली, तर वर मलाच टोमणा, की अर्धं पुस्तक रिकामं आणि हिला यात पदवी हवी. मामा, कागद पातळ म्हणून ते एकाच बाजूला छापतात आणि दुमडतात. ती घडी तशीच ठेवायची असते. हे सांगितल्यावर बाबांचा चेहरा पडला. पुस्तक ठेवून घेतलं, मला हॉस्टेलवर धाडलं. शनिवारी विषय नोंदवायचाय, तोही त्यांच्या सहीनं. कुठल्या तोंडानं मागू?
सल्ला चुकला तरी मामा माझाच, माया पातळ करू नकोस.
भिंगरी

ता. १९ जून
चि. भिंगरीस आशीर्वाद.
रडणं आवर. दाजी आत्ताच इथून जेवून गेले. काल इस्त्रीचा शर्ट घालून गुपचूप तुझ्या मॅडमकडे गेले होते. कापलेल्या प्रत्येक घडीला आतून पातळ पट्टी चिकटवून पुस्तक सांधलंय. मॅडम आधी तडकल्या, मग पट्ट्या बघून निवळल्या. कडेला भोकं पाडून तिकडे टाका कसा घालतात तेही त्यांनी शिकवलं. कुणाचं न ऐकणारे आपले दाजी मुकाट शिकत बसले! इथे माझ्या वर्तमानपत्रावर तो टाका घालून दाखवला. माझं शब्दकोडं शिवणीत गेलं.
तुला भेटले नाहीत, लाज वाटली म्हणे. पण मॅडमकडच्या तुझ्या विषयाच्या अर्जावर सही करून आलेत. मॅडमना म्हणाले, घडी का घातलीय हे न विचारता मी सुरी चालवली. आमच्या घरात आधी विचारणारं एक तरी माणूस तयार करा.
आता पोटभर जेव, आणि आम्हा दोघा अडाण्यांवर जीव असू दे.
तुझा मामा