नावापुढचा हुकूम

लॉज, खोली नंबर सात
५ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तूच लिहायला सांगितलंस. फोनवर मी नुसतं हं हं करतो आणि तुला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, म्हणून जे काही असेल ते कागदावर यावं असं तुझं फर्मान आहे.

सुखरूप पोचलो. खोली बसथांब्यासमोर आहे. नळ गळत होता, त्याचं वायसर बदललं. मॅनेजरला आश्चर्य वाटलं. जन्मभर पाण्याचे मीटर दुरुस्त केले आहेत, हे त्याला सांगितलं नाही. तू दिलेली टोपी घालतो.

काल अभयारण्यात जाऊन आलो. तू आईच्या नावाने दत्तक घेतलेलं हत्तीचं पिल्लू पाहिलं. मादी आहे. गळ्यातल्या पाटीवर तुझ्या आईचं नाव आहे, शुद्धलेखन बरोबर आहे. फोटो काढला नाही. आणखी विशेष काही नाही.

जावईबापूंना नमस्कार सांग. तुझा लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नकोस. वाढला की आणखी एक सहल काढशील.

तुझा,
बाबा


दवाखाना
८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. उलटून पाहिलं, पाकिटात बोटं घालून पाहिली, आणखी एखादा कागद अडकला असेल म्हणून. नळाला चार ओळी आणि आईच्या पिल्लाला शुद्धलेखन. धन्य आहे तुमची.

बाबा, आई जाऊन सहा महिने झाले. तेव्हापासून तुम्ही मागच्या खोलीत बसून चांगली चालणारी घड्याळं उघडता आणि पुन्हा बंद करता. बोलायला गेलं की तोंडात मिठाची गुळणी. तिला हत्तींचं किती वेड होतं ते मी तुम्हाला सांगायला हवं का? चित्रात हत्ती दिसला तरी हात थांबायचा तिचा. म्हणून मी शोधाशोध करून हे अभयारण्य काढलं, वर्गणी भरली, तिचं नाव दिलं. पिल्लू जन्मभर तिथे सुखात राहील असा त्यांनी शब्द दिला आहे. दवाखान्यात खुर्चीसमोरची भिंत मी फोटोसाठी रिकामी ठेवली आहे. माणसं आ वासून बसतात, त्यांना बघायला काहीतरी चांगलं नको का?

आता नीट वाचा. वीस तारखेला रविवारी मी, हे आणि आत्या तिकडे येतोय. सगळ्यांनी मिळून पिल्लाबरोबर एक फोटो काढायचा आहे. आत्याने तिच्या जिन्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला सांगितलं आहे की आमची वहिनी आता हत्तीण झाली. दत्तक घेणं म्हणजे काय हे मी तिला तीनदा समजावलं. चौथ्यांदा समजावायची माझ्यात ताकद नाही.

तोवर तुम्ही मला खरं काय ते लिहा. पिल्लू कसं आहे? खेळतं का? तुमच्या हातून केळं खाल्लं का?

तुमचा माझ्यावर लोभ आहे असं मी धरून चालते, कारण तुम्ही ते कधी बोलणार नाही.

तुमची,
ठकू


लॉज
११ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो. नाहीतर लिहिणार नव्हतो.

फाटकावर मोठ्या अक्षरांत अभयारण्य असं लिहिलं आहे आणि शेजारी भोंग्यावर गाणी लावतात. आत सिमेंटचं एक गोल रिंगण आहे, भोवती कठडा. कठड्याशी लोकांची रांग. तिकडे म्हाताऱ्या हत्तिणींवर माणसं बसवून फेऱ्या मारतात, इकडे पिल्लाला आंघोळ घालायला देतात. एका कुटुंबाने आंघोळ घातली की पुढचं कुटुंब पुन्हा घालतं. अंग वाळेपर्यंतही तिला कुणी उसंत देत नाही.

राखणदाराच्या हातात काठी असते, तिच्या टोकाला लोखंडी आकडी. तो तुझ्या आईचं नाव घेऊन ओरडतो, की बस. ती बसते. पुन्हा नाव, की सलाम कर. ती सोंड वर करते. पुन्हा नाव, की मागे हो. दिवसभर हेच. नाव आणि हुकूम, नाव आणि हुकूम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं.

लॉजच्या जेवणघरात वनखात्याची जनावरांची डॉक्टरीण भेटली. तिचं म्हणणं असं, की जिथे हात लावू देतात, वर बसू देतात, आंघोळ घालू देतात, ते अभयारण्य नव्हे. पाटी कुणीही रंगवतो. खरं जंगल वरच्या रस्त्याला आहे म्हणाली. काल तिथे गेलो. तिकीट काढून लाकडी मचाणावर बसवतात आणि बोलू देत नाहीत. तिकिटाच्या पैशांतून पाणवठे आणि पहारेकरी चालतात. दुपारभर मोडलेल्या फांद्या आणि लीद पाहिली. शेवटी झाडीत एक कान हलला. माझ्या मागचं जोडपं खाली उतरल्यावर पैसे परत मागत होतं. मला जागा आवडली.

माझं एकच मागणं आहे. तुझ्या आईचं नाव त्या पाटीवरून काढून घे. फोटोला येऊ नका.

रागावू नकोस. तू चांगल्या मनाने केलंस हे मला माहीत आहे, आणि ते तसंच माहीत राहील.

बाबा


दवाखाना
१४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मला ठाऊकच होतं. मी काही केलं की तुम्हाला त्यात गळती सापडायचीच. नवा पंखा आणला, तो आवाज करतो. मोठा फोन आणला, तो गरम होतो. आता आईच्या नावाचा हत्ती आणला, तर त्याला कुणी ओरडून बोलतं. अहो, एवढ्या मोठ्या जनावराला कानात कुजबुजून कसं सांगणार? मी दिवसभर लोकांना तोंड उघडा, तोंड उघडा म्हणून ओरडते. हातात आकडीही असते. म्हणून मी वाईट झाले का?

आणि ही डॉक्टरीण कोण? माझ्याशी सहा महिन्यांत जेवढं बोलला नाहीत तेवढं तिच्याशी एका जेवणात बोललात.

नाव मी काढणार नाही. आई गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही तिचे सगळे कपडे बांधून देऊन टाकलेत. मला विचारलं नाहीत. मी कपाट उघडलं तर आत नुसते हँगर. तेव्हा मी काही बोलले नाही, आता बोलते. तिचं नाव घेऊन कुणीतरी रोज हाक मारतंय, एवढीच एक जागा मी या जगात करून ठेवली आहे. तीही रिकामी करायची म्हणता?

आम्ही रविवारी येतोय. आत्याने नवी चप्पल घेतली आहे, आता ती ऐकायची नाही.

लोभ तुमच्या सोयीने करावा.

ठकू


दवाखाना
२२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फाटकाबाहेर गाडीत बसताना मी तुमच्याशी बोलले नाही. आत्याने वाटभर मला फैलावर घेतलं. का ते आता लिहिते.

तुम्ही बाहेर बाकावर बसून राहिलात ते बरं केलंत, पण आत काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आमचा नंबर आला. राखणदाराने आईचं नाव घेतलं आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघायच्या आत त्या पिल्लाने गुडघे टेकले. काठी खालीच होती. नुसत्या नावाने टेकले, बाबा.

मग आत्या कठड्याला धरून पुढे झाली आणि तिने त्या माणसाला विचारलं, की माझ्या वहिनीला खाली बस म्हणणारा तू कोण, तिच्या सासूने तिला कधी असं म्हटलं नाही. रांग हसली. हेसुद्धा हसले. आत्या हसत नव्हती.

काल मालकाला फोन केला. मी सांगते काय आणि तो ऐकतो काय. नाव आवडलं नसेल तर दुसरं लावू म्हणाला. पाटी लहान वाटत असेल तर मोठी करून देऊ म्हणाला. मी फोन आपटला. फुटला नाही, तुम्ही म्हणता तसा नुसताच गरम झाला.

तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हाताऱ्या हत्तिणींचा परवाना मालकाकडे आहे, पिल्लाचा नाही. पण तक्रार कुणीतरी करायला हवी, आणि ज्याने वर्गणी भरली त्याने केली तर लवकर दखल घेतात. म्हणजे आईच्या नावाने मी जे केलं ते फसवणूक होती, हे मीच सही करून द्यायचं. दिलं आहे. पाटी उतरवायलाही सांगितलं आहे.

भिंत रिकामीच आहे.

माझ्यावर रागावला नसाल तर तसं लिहा. हं लिहिलंत तरी चालेल.

ठकू


लॉज
२७ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

रागावलो नाही.

पाटी उतरवली. मालकाने तिला दुसरं नाव दिलं, एका गोड बिस्किटाचं असावं तसं. राखणदार दोन दिवस त्या नावाने ओरडतो आहे. ती मान वळवत नाही. लोकांची रांग खोळंबते, मालक राखणदारावर खेकसतो, राखणदार तिच्यावर. आज तो बाहेर टपरीवर भेटला. वैतागला होता. म्हणाला, तिला आणलं तेव्हा ती बिननावाची होती, तुमच्या मुलीने दिलेलं नाव पहिलंच. तेच तिने धरलं. आता ती दुसरं घेत नाही आणि बोलणी मला बसतात.

तेव्हा ठकू, नाव परत मागून उपयोग नाही. ते तिचं झालं. आता पिल्लूच तिथून निघालं पाहिजे. मी माझं परतीचं तिकीट रद्द केलं आहे. मॅनेजरने खोलीचं भाडं कमी केलं. वरच्या मजल्याचे नळही माझ्याकडे आले आहेत.

कपाटाबद्दल तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तुझ्या आईचा निळा स्वेटर माझ्याकडे आहे. आलो की देईन.

तिकडे सगळ्यांची आठवण आहे असं समजावं.

बाबा


दवाखाना
६ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवानगी निघाली! कशी निघाली ते ऐका. वन्यजीव कार्यालयात मी तीनदा जाऊन आले. पहिले साहेब म्हणाले हे दुसऱ्या टेबलाचं काम, दुसरे म्हणाले पहिल्याचं, आणि दोघेही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतात. मी हात टेकले होते. तर चार दिवसांपूर्वी त्यातलेच एक साहेब गाल धरून माझ्या दवाखान्यात. अक्कलदाढ. मी भूल दिली, तोंडात कापूस भरला आणि ती चढेपर्यंत त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मध्ये बोलायची सोयच नव्हती. यांनी रात्री मला विचारलं, की हे वैद्यकीय नीतीत बसतं का. मी म्हटलं, दाढ चांगली काढली आहे.

येत्या गुरुवारी पिल्लाला वरच्या जंगलातल्या निवाऱ्यात हलवणार. मालकाने राखणदाराला त्या दिवशी मुद्दाम दुसरीकडे पाठवायचं ठरवलं आहे, म्हणजे ट्रकमध्ये चढवायला तिच्या ओळखीचं कुणी नसावं. डॉक्टरीणबाई काळजीत आहेत. एका दिवसात नेलं नाही तर मालक स्थगिती आणेल म्हणतात.

तुम्ही तिथे राहा. मी येत नाही. मला ते रिंगण पुन्हा बघवणार नाही.

बाबा, स्वेटर नको. तुमच्याकडेच असू द्या. आहे एवढं कळलं, बस झालं.

तुमचा लोभ पोचला. पहिल्यांदाच लेखी पोचला.

ठकू


लॉज
१३ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

गुरुवारचं लिहितो.

सकाळीच ट्रक आला. मागे लाकडी फळीचा उतार लावला, आत गवत आणि ऊस टाकला. डॉक्टरीण, तिची तीन माणसं आणि मी. मालक कचेरीच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. पिल्लाला फळीपर्यंत आणलं आणि ती थांबली. ऊस दाखवला, मागून ढकललं, दोर लावला. दोर लावल्यावर ओरडली, तेव्हा डॉक्टरिणीने तो काढायला लावला. भूल देऊन नेणं लहान जिवाला धोक्याचं आहे म्हणाली. दुपार झाली. मालक घड्याळ बघत होता. मग डॉक्टरीण म्हणाली, की तिला नावाने हाक मारून बघायला हवी, आणि माझ्याकडे बघितलं.

तुझ्या आईला मी अगं म्हणत असे. नावाने कधी हाक मारली नाही, घरातही नाही. तशी गरज पडली नाही.

मी फळीच्या वरच्या टोकाला जाऊन उभा राहिलो आणि नाव घेतलं. आवाज जरा मोठाच लागला. तिने लगेच गुडघे टेकले आणि सोंड वर केली. मालकाच्या माणसांपैकी कुणीतरी हसलं. ती तशीच राहिली, सोंड वर धरून, पुढचा हुकूम ऐकायला. माझ्याकडे हुकूम नव्हता. मी काही बोललो नाही. तुला माझी ही सवय आवडत नाही.

थोड्या वेळाने पुन्हा नाव घेतलं. पुढे काही नाही. तिची सोंड खाली आली. ती उठली. बराच वेळ नुसती उभी होती, कान हलवत, माझ्याकडे बघत. कुणी ढकललं नाही. मग एक पाय फळीवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, आणि चढून वर आली. माझ्या बाहीला सोंड लावली आणि बाजूने गवताकडे गेली.

निवाऱ्यात आणखी दोन पिल्लं आहेत. तिथे माणसांनी त्यांना हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, असा नियम आहे. मोठी झाली की कळपात सोडतात. डॉक्टरीण म्हणाली, की वर्षभरात ती नाव विसरेल. मी बरं म्हटलं. तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे, मलाही वाटलं. पण ते नाव ऐकून ती खाली बसायची.

उद्या निघतो.

तुझ्या आईचं नाव त्या दिवशी मी दोनदा घेतलं, दोन्ही वेळा मोठ्याने. हे फोनवर सांगता आलं नसतं. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून लिहिलं.

तुझा,
बाबा