चार जोड मोजे

१२ मार्च, काराकोल
लग्न करून या परमुलखात आले, तो पहिला हिवाळा आठवतोय. माझा नवरा तुरार आणि त्याचा धाकटा भाऊ जिरगाल अंगणात बाकावर उन्हात बसलेले. दोघेही जन्मांध. दोघांच्याही एका पायात काळा मोजा, एका पायात पांढरा! मी हसले. तुरार म्हणाला, "आम्हाला तर जुळलेलेच वाटतात!"
त्याच दिवशी कपड्यांवर दोऱ्याच्या गाठी मारल्या. तुरारची एक, जिरगालच्या दोन. माहेरी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर मोज्यांवर नंबर शिवून घ्यायच्या, तेच कामाला आलं.

१५ मार्च
तीन दिवसांनी तुरारला जाऊन चाळीस दिवस होतील. इथल्या रीतीने त्या दिवशी गेलेल्याचे कपडे वाटायचे — पण जिवंताची चिंधीही त्यात जाता कामा नये. नणंदबाईंनी दोघांच्या कपड्यांची पेटी 'नीट' केली. माझ्या सगळ्या गाठी कापल्या! "लोंबते दोरे दिसले, कापले. चुकलं का?"
चुकलं! तीस वर्षांचं काम, अनारकुल वन्सं!
बाकीचे कपडे जिरगालने मापावरून, वासावरून ओळखले. राहिले मी शरदात विणलेले, एकाच मापाचे कोरे मोजे. दोघांना एकेक जोड काळा, एकेक पांढरा. जोड टाचेशी अजून बांधलेले.

१६ मार्च
चहाला वन्संनी पाहुण्यांसमोर कोडं घातलं. "आंधळे दोघे, मोजे चार जोड. कुणाचे कुठले? हसा की!" हसलेही मेले. मग खरं बाहेर पडलं: "स्वतःचे मोजे कळत नाहीत, तो इथे कसा राहणार? अंधगृहात ठेवू. घर विकू."
संतापाने लिहितेय. ओळी वर-खाली जाताहेत.

१७ मार्च
सगळ्यांदेखत जिरगाल म्हणाला, "वहिनी, कात्री द्या." प्रत्येक जोड सोडवला. एक मोजा स्वतःकडे, एक दादाच्या ढिगात. चारही जोडांचं तेच. "झाले दोन वाटे. दोघांना दोन काळे, दोन पांढरे."
"आणि काळा कुठला, ते?" — वन्सं.
त्याने आपले चार मोजे खिडकीतल्या उन्हात मांडले. चहा प्याला. मग हात फिरवला. "हे दोन तापलेत. काळे. आता तुम्ही हसा, ताई."
तरी वन्सं म्हणाल्याच, "पण याला रांधून कोण घालणार?"
मी ओरडले! "तीस वर्षं या घरातला कांदा तो चिरतोय. बोटं तुमची कापतात, त्याची नाही!"

१८ मार्च
वाटप झालं. वन्सं न जेवता गेल्या. जाऊ देत!

२० मार्च
डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. माझा डावा डोळा गेला, उजवा पानगळीपर्यंत. आज जिरगालला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मग उद्यापासून शिकवतो."
दिसतंय तोवर लिहून ठेवते. घर — जिरगालला. पांढरी शाल — अनारकुल वन्संना. कात्री त्यांना देऊ नये. माझे कपडे मलाच — तीन गाठींचे.