कमानींवरचा पाट

१२ जुलै २०२०, पॉइंट कुक
क्लेटन उपनगरातल्या गर्दीच्या घरातून सुटलो! इथे विनीताताईंनी मागची खोली दिलीय; ऊन थेट टेबलावर येतं. ताई मूळच्या नाशिकच्या, वृद्धाश्रमात नर्स आहेत. लॉकडाऊनमध्ये बॅगा ओढत आलेला पाहून त्यांनी आधी गरम खिचडी पुढे ठेवली. घराचे नियम अजून सांगितलेलेच नाहीत.

उद्यापासून नवी नोकरी, घरूनच. व्हिडिओ गेममधल्या चुका शोधणारा गेम टेस्टर! माझ्या वाट्याला रोमन अ‍ॅक्वाडक्ट आलाय, म्हणजे उंच दगडी कमानींवरून शहरात नेलेला पाण्याचा पाट. त्यातली प्रत्येक भिंत तपासायची, कुठे आरपार जाता येतं का ते बघायचं.

१५ जुलै
कमानी सुंदर केल्यात. पण पाणी वाहतं ते वर, बंद दगडी बोळकांडीत. एक माणूस जेमतेम मावतो, वळता येत नाही. भिंतींवर क्षारांची पांढरी पुटं, बोअरच्या पाण्याने बादलीला धरतात तशी. आत एक माणूस पाठमोरा बसून ती खरवडत होता. आवाज इतका खरा की दात शिवशिवले.

टीम लीड मितालीला कौतुक कळवलं. ती म्हणाली, आत माणूस ठेवलेलाच नाही. मी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ तिला पाठवला. त्यात नुसती भिंत दिसते.

२१ जुलै
वृद्धाश्रमात साथ शिरली. ताई पॉझिटिव्ह. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलंय, मी बाहेर ताट ठेवतो. फोनवर म्हणाल्या, अंग दुखतंय फक्त, नो वरीज, तू तुझं काम कर.

तो माणूस अजून आहे. पुटं जाड झालीत, बोळकांडी आणखी अरुंद. मितालीला आता सांगत नाही.

२५ जुलै
ताट तसंच. ताईंनी फोन उचलला नाही, झोपल्या असतील. मी दिवसभर हेडफोन लावून बसतो. खरवडणं ऐकलं की बरं वाटतं. बरं म्हणजे — काहीच वाटत नाही. पाय गार, बधिर.

२६ जुलै
दुपारी हेडफोन काढले. खरवडणं थांबलं नाही.

ताईंच्या दारातून येत होतं. ढकललं. त्या दाराशीच जमिनीवर पडलेल्या. नखं तुटलेली. म्हणाल्या, "किती हाका मारल्या रे."

अ‍ॅम्ब्युलन्सने नेलं. मी कालचं ताट घासून ठेवलं.

२९ जुलै
हॉस्पिटलचा फोन. ताई गेल्या. नाशिकला त्यांच्या बहिणीला, विमलताईंना, मीच कळवलं. त्या रडत होत्या. मी फोन कानाला धरून उभा. मला रडू आलं नाही. मग कामाला बसलो.

बोळकांडीत कुणी नाही. पण खरवडणं आहे — मागून. वळता येत नाही.

१ ऑगस्ट
मीही पॉझिटिव्ह. ताप. मिताली म्हणते, अ‍ॅक्वाडक्ट परवाच गेममधून काढून टाकला. मग काल दिवसभर मी कुठे —

बहुतेक सोमवार
खोलीचं दार उघडत नाही. चौकटीवर पांढरं पुट. नखांनी काढतोय. बोटांना कळत नाही. पायाशी पाणी —

मागून कुणीतरी आलं. थांबलं. नुसतं बघतंय. ओरडून सांगतोय, मी इथला नाही, मी खरा आहे, माझं नाव श्रे—