माझं पॅकेज काढून दाखवा

४ मार्च, सकाळी
गटाच्या मेलवर चष्मेवाल्याचं पत्र. आम्ही काही हौशी मंडळी लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली बांधून फुकट वाटतो; तिच्या नव्या आवृत्तीचं, म्हणजे रिलीजचं काम हा बघतो, म्हणून सगळं जग आपणच चालवतो असं त्याला वाटतं. विषय : भरतकामाचं पॅकेज पुढच्या रिलीजमधून वगळावं का? शेवटी प्रश्नचिन्ह. सभ्यपणाचं सोंग. म्हणे पॅकेज सांभाळायला जड झालंय, मूळ लेखकाने कधीच वाऱ्यावर सोडलंय, आणि एक जुनाट लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा तयार कोड, केवळ या एका पॅकेजपायी ठेवून घ्यावी लागतेय.

भरतकामाचं पॅकेज म्हणजे माझं पॅकेज. मशीनवर नक्षी काढायची तर आधी कॉम्प्युटरवर तिचे टाके पाडावे लागतात, ते हा प्रोग्राम करतो. लिहिला दुसऱ्याने, पण आमच्या लिनक्सवर बसेल असा बांधून देतो मी. नऊ वर्षं, फुकट. त्याचे हे असे पांग फेडतायत.

निश्चय : आजपासून रोज एक तास पॅकेजसाठी. रिलीजच्या आत सगळं नव्या लायब्ररीवर नेणार. चष्मेवाल्याची बोलती बंद.

४ मार्च, संध्याकाळी
आजचा तास मेलला उत्तर लिहिण्यात गेला. उत्तर झकास उतरलंय.

६ मार्च
उत्तराला उत्तर नाही. टरकलेत.

कोणीतरी मुद्दाम गटाच्या नियमाची आठवण करून दिली. ज्याच्या नावावर एकही पॅकेज नाही, त्याचं सदस्यत्व आपोआप जातं. माझ्या नावावर हे एकच आहे. त्याचा आणि माझ्या भूमिकेचा काडीचाही संबंध नाही. मी तत्त्वासाठी भांडतोय. सदस्यत्व गेलं तर काय होईल? गटाच्या नावाचा ईमेल पत्ता जाईल, मतदानाचा हक्क जाईल, आणि कोणी विचारलं की तुम्ही काय करता, तर सांगायला ऑफिसच उरेल. ऑफिसात मी लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देतो आणि प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढून काढतो. एवढाच काय तो फरक.

९ मार्च
मेहुणा जेवायला आला होता. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर विचारतो, तुमचं ते पॅकेज वापरतं कोण, दाजी? मी म्हटलं, हजारो लोक. तर आकडा मागायला लागला. आकडेवारीत सात कॉम्प्युटर दिसतात, पण ज्यांनी स्वखुशीने कळवलं त्यांचेच ते. भरतकाम करणारी माणसं मुळात लाजाळू, ती कशाला कळवतील? सातातले तीन माझे आहेत हे मी सांगितलं नाही. त्याने तसं विचारलंही नव्हतं.

तेवढ्यात बायको म्हणाली की चौथा तिचा, न विचारता तिच्या लॅपटॉपवर टाकलंय, आणि आता ते काढ, जागा अडवतंय. शत्रू बाहेर शोधायची गरजच नाही.

१२ मार्च
बिनतोड मुद्दा सापडला! गेल्या दोन रिलीजमध्ये माझ्या पॅकेजबद्दल एकही तक्रार आलेली नाही. एकही नाही. ज्यांच्या पॅकेजांवर रोज लोक बोंबा मारतात, ते मला अक्कल शिकवणार? तसा मेल ठोकला. शेवटी लिहिलं की चष्मेवाल्याने आधी स्वतःच्या बुडाखालचा अंधार बघावा. झोंबेल. झोंबू दे.

नव्या लायब्ररीचं काम उद्यापासून.

१५ मार्च
मूळ लेखकाचं, म्हणजे दाढीवाल्याचं उत्तर आलं. त्याला मी दोन शब्द पाठिंब्याचे मागितले होते. म्हणतो की त्याने कॉम्प्युटरचा धंदा सोडून दिलाय, आता मधमाश्या पाळतो. त्या प्रोग्रामवर अजून कोणी आयुष्य घालवतंय हे वाचून त्याला वाईट वाटलं. तूही सोड आणि मोकळा हो, असा सल्लाही दिलाय. पळपुटा. एक दिवस त्या माश्यांनाही असाच टाकून जाईल.

पाठिंब्याचं पत्र म्हणून हे वापरता येईल का, पाहतो. पहिली ओळ चांगली आहे.

१८ मार्च
नवीन कंपायलर, म्हणजे कोडमधून चालता प्रोग्राम तयार करणारं साधन आलं आणि पॅकेज बांधलं जाईना. प्रोग्राम ठीक आहे की नाही हे तपासणाऱ्या टेस्ट एकामागून एक नापास. अख्खी सकाळ डोकं खाल्लं. शेवटी सगळ्या टेस्ट बंद करून टाकल्या. लगेच बांधलं गेलं! अनुभव अनुभव म्हणतात तो हाच. मागच्या दोन्ही रिलीजच्या वेळी मी असंच केलं होतं, तेव्हाही कोणाची काही तक्रार नव्हती.

२१ मार्च
वापरणाऱ्यांची साक्ष गोळा करायचा विडा उचलला. कोपऱ्यावरच्या टेलरबाईंकडे भरतकामाचं मशीन आहे. आमचे पडदेही तिथेच शिवायला टाकलेत. लॅपटॉप घेऊन गेलो. सगळीकडे दोऱ्याची रिळं आणि कपड्यांचे ढीग, बसायला एकच स्टूल, मशीनसमोरचं. तिथे बसलो. बाईंना म्हटलं, आता बघा गंमत.

प्रोग्रामवर क्लिक केलं. चौकट दिसली न दिसली, गायब. पुन्हा केलं. पुन्हा गायब. बाईंनी विचारलं की हे एवढंच करतं का. मी म्हटलं, थांबा जरा. मग त्या म्हणाल्या की तयार नक्ष्या पेनड्राइव्हवर मिळतात, त्यांना ते पुरतं, आणि स्टूल रिकामं केलंत तर बरं होईल. पडदे झालेत, तेवढे घेऊन जा.

घरी येऊन छडा लावला. प्रोग्राम सुरू व्हायला जी फाइल लागते, तीच पॅकेजमध्ये येत नाही. टेस्ट नेमक्या त्यावरच अडत होत्या. आता मी काही हा प्रोग्राम कधी उघडून बघितलेला नाही. बांधणं माझं काम, उघडणं वापरणाऱ्याचं. पण याचा अर्थ असा की गेले दोन रिलीज हा कोणाकडेच उघडलेला नाही. आणि तरी एकाही माणसाने तक्रार केली नाही. किती सोशिक लोक आहेत! अशा लोकांना वाऱ्यावर सोडायचं?

२२ मार्च
चष्मेवाल्यालाही हेच सापडलं. चारचौघांत लिहून मोकळा झाला की पॅकेज उघडत नाही. वर काय, तर मदत हवी असेल तर पुढच्या रविवारी मोकळा आहे, दोघं मिळून बसू. मदत! माणसाचा पाणउतारा करायची ही नवीन तऱ्हा.

असं उत्तर दिलं की जन्मात विसरणार नाही. स्वतःच्या हातून काही घडत नाही म्हणून दुसऱ्यांची कामं बंद पाडत फिरणारी जमात, असं एक वाक्य आहे. आणखीही आहेत. बायको खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, हे पाठवू नकोस. पाठवून झालं होतं.

२४ मार्च
मतदान लागलं. मतदार नऊ, मला धरून. बरोबरी झाली तर पॅकेज जाणार, असा यांचा न्याय. निकाल शुक्रवारी. माझं मत पहिल्या मिनिटाला टाकलं. बाकी आठ जण चष्मेवाल्याच्या ताटाखालची मांजरं, त्यांच्याकडून आशा नाही.

२५ मार्च
डाव टाकला. वेबसाइटवर प्रत्येक पॅकेजपुढे 'बेवारस' असं बटण असतं. सांभाळणाऱ्याने ते दाबलं की त्याने हात काढून घेतला, पॅकेज कोणीही उचलावं. दाबलं! आता उडेल धांदल. मतदान गुंडाळतील, परत घे म्हणून गळ घालतील. मी दोन दिवस ताणून धरणार, मग मोठ्या मनाने घेणार. अट एकच : चष्मेवाल्याची जाहीर माफी. मसुदा मी लिहून ठेवलाय, त्याला त्रास नको.

संध्याकाळी
कोणीच काही बोललेलं नाही. सुन्न झालेत.

२७ मार्च, शुक्रवार
ठेवा : चार. काढा : चार. नववं मत बाद.

नववं माझं. मोजणीच्या वेळी माझ्या नावावर एकही पॅकेज नव्हतं, म्हणून मी सदस्य नव्हतो. मत बाद, म्हणून बरोबरी. बरोबरी, म्हणून पॅकेज गेलं. बटण दाबलं नसतं तर पाच-चार.

बायकोला हे दोनदा समजावून सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना मला नीट कळलं.

कोणी काय मत दिलं आणि का, ते सगळ्यांना दिसतं. आधी चष्मेवाल्याचं काढलं, उत्तर मनात तयार ठेवूनच. त्याचं मत : ठेवा. खाली लिहिलंय : 'पॅकेज चालत नाही आणि कोणाला नकोही आहे. जुनी लायब्ररी मी सांभाळीन. पण त्याच्याकडे हे एकच आहे. माणूस राहू दे.'

'ठेवा' म्हणणाऱ्या बाकीच्या तिघांनी कारणाच्या जागी लिहिलंय : वरीलप्रमाणे.

जेवलो नाही. मसुदा पुसून टाकला.

२८ मार्च
चष्मेवाल्याला दोन ओळी लिहिल्या. माफी वगैरे नाही. मत वाचलं, आभारी आहे, एवढंच. गटाचा पत्ता सकाळीच बंद झालाय, आणि त्याचा स्वतःचा पत्ता माझ्याकडे नाही. नऊ वर्षांत कधी मागितला नाही. म्हणून घरच्या पत्त्यावरून गटालाच पाठवलं. ताबडतोब आपोआप उत्तर आलं : पाठवणारी व्यक्ती सदस्य नाही, सबब मेल रोखला आहे, तपासणाऱ्याला योग्य वाटल्यास पुढे सोडला जाईल.

बाहेरच्यांचे मेल चष्मेवाला तपासतो.

संध्याकाळ झाली. अजून सोडलेला नाही.