गाणारी तिकडे, तबलजी इकडे

राहाता, जानेवारी १९७४

प्रिय वहिनी,

आज दादाने मला हाक मारून घरी बोलावलं. तू गेल्यापासून त्याने स्टिरिओवरचं फडकं उचललं नव्हतं. म्हणाला, "ये, वायरी जोडू. मला एकट्याला न्हाई जमायचं." हे तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या भावाने स्वतः जुळवलेला तो अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर भिंगारहून आणले, तेव्हा आम्हा भावांचा अबोला होता. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून! एकाच अंगणात दोन दारं, आणि दादाला माझ्याशी बोलायचं झालं तर तो बैलाकडे बघून बोलायचा. मीही काही कमी नव्हतो म्हणा.

दोन्ही स्पीकर एकाच खोलीत ठेव, असं भाऊ तुला बजावून गेला होता. पण ऐकशील तर ती तू कसली! "घरं दोन, खोकी दोन. त्यात काय इचारायचं?" असं म्हणालीस आणि एक स्पीकर उचलून थेट आमच्या घरात आणून ठेवलास. वायर तुमच्या खिडकीतून आमच्या खिडकीत. दादा तोंड फुगवून बघत बसला होता.

मग रेकॉर्ड लागली. आमच्याकडे नुसता तबला आणि पेटी! बराच वेळ वाट पाहिली, बाई काही गाईना. शेवटी मी दारातून ओरडलो, "वैनी, गानारी कुटं गेली?"

तिकडून उत्तर आलं ते दादाचं! "हिकडं हाय की! पर तबलजी न्हाई आला."

"तो माज्याकडं बसलाय!"

आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. किती महिन्यांनी बोललो होतो! तू पदर तोंडाशी धरून हसत होतीस. मी माझा स्पीकर अंगणात आणला, दादाने त्याचा, तेव्हा कुठे पुरतं गाणं ऐकू आलं. रेकॉर्ड संपल्यावर दादा म्हणाला, "उद्या पानी आदी तू घे." माझ्याकडे बघून म्हणाला, बैलाकडे नाही.

वहिनी, खरं सांग, गाणं दोन खोक्यांत वाटून येतं हे तुला ठाऊक होतं ना? कितीदा विचारलं! "मला अडानी बाईला त्यातलं काय कळतंय, भावजी?" एवढंच म्हणायचीस आणि चहा टाकायला उठायचीस. असं न सांगता जातं का कुणी?

आज आम्ही जोडलं तर आवाज पोकळ, डब्यातून यावा तसा. दादा म्हणे, वायरी मी उलट्या लावल्या. मी म्हटलं, त्याने. मनसोक्त भांडलो! मग एका स्पीकरच्या वायरीच्या टोकांची अदलाबदल केली आणि ढोलकी कशी छातीत घुमायला लागली! दादा रडला गं. मीही. मग डोळे पुसून मला म्हणाला, "चूक तुजीच हुती."

तर तुला शब्द देतो. आम्ही भांडणार. पाण्यावरून, बांधावरून, सापडेल त्यावरून भांडणार. पण तो गप्प बसला, तर मी त्याच्या दारात जाऊन बसेन आणि तो बोलेपर्यंत उठणार नाही. मधे पडायला आता तू नाहीस. आमचं आम्हालाच बोलावं लागणार.

तुझा हट्टी दीर,
सखाराम