मेटॅलोथायोनिन आणि मी

८ जानेवारी
थिसिसचा विषय पक्का. मेटॅलोथायोनिन. जस्त, तांबं धरून ठेवणारं प्रोटीन. साध्या लाळग्रंथीत जास्त की गाठीत, एवढं बघायचं. कापावर अँटिबॉडी घालायची, स्लाइड तपकिरी झाली की प्रोटीन आहे. सोपंय. सांगलीत कुणाला सुचलं नव्हतं. मगदूम मॅडम म्हणाल्या, आधी पद्धत वाच. गाइड म्हणजे गळ्यातलं लोढणं.

१५ जानेवारी
पहिला रन. गाठ तपकिरी. साधी ग्रंथी तपकिरी. जिच्यावर अँटिबॉडी घातलीच नव्हती ती निगेटिव्ह स्लाइडपण तपकिरी. ती कोरी यायला हवी म्हणे. शेजारच्या टेबलावरची भाग्यश्री म्हणाली, अरे सम्मेद, पेरॉक्साइड विसरलास, खोटा रंग तेच अडवतं, आता काचेवरची धूळपण पॉझिटिव्ह येईल. लय जळते.

त्याच दिवशी, ५.४०
कळलं! प्रोटीनच इतकं आहे की अँटिबॉडी लागतच नाही. हा शोध आहे. मॅडमना आत्ता सांगणार नाही, स्वतःचं नाव लावतील.

२२ जानेवारी
सगळ्यात भारी गाठ साताऱ्याच्या सुभेदार मानसिंगांची. कानाखालची. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवलेला, चिमूटभर ब्लॉक. त्याचे काप घेतले. तपकिरी. परत काप. मॅडम खेकसल्या, पेशंटसाठी ठेव की जरा. त्याला रिपोर्ट गेलाय. तुकड्याचं काय लोणचं घालणार?

२९ जानेवारी
पेरॉक्साइड घालायचं नाही, हे आता तत्त्व. भाग्यश्रीशी बोलणं बंद. आज सुभेदारांचा ब्लॉक कापताना पातं नुसत्या मेणातून गेलं. काप मात्र सुरेख पडला.

३ फेब्रुवारी
सुभेदारांचा मुलगा सूरज साताऱ्याहून आला. मुंबईच्या डॉक्टरांना ब्लॉक पाहिजे. कॅन्सर आहे का ते पक्कं करणार. असला तर चेहऱ्याची नस कापावी लागेल, तोंड वाकडं होईल. तोवर ऑपरेशन थांबलंय. दिला ब्लॉक. त्यानं उजेडात धरला. म्हणाला, आवं डाक्टर, ह्यात तर कायच न्हाई. मी म्हणालो, रिसर्चला वापरलं. तो म्हणाला, रिसर्च गेला खड्ड्यात, माझ्या बापाचा तुकडा कुठाय? अडाणी माणूस. मॅडमनी त्याचीच बाजू घेतली. सगळे मिळालेले आहेत.

५ फेब्रुवारी
भाग्यश्रीनं मुद्दाम माझ्यासमोर पेरॉक्साइड घालून साध्या ग्रंथीचा रन लावला. ग्रंथी तपकिरी. निगेटिव्ह कोरी करकरीत. योगायोग.

१० फेब्रुवारी
सुभेदारांची परत बायोप्सी. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्यांदा सुई का, हे तूच सांगायचंस. सांगितलं. शिव्या देतील वाटलं होतं. माझी उत्तरं तयार होती.

ते म्हणाले, व्हय? मग घावलं काय त्यात?

मी म्हणालो, सगळं तपकिरी आलं.

बरं, म्हणाले, आणि सुईसाठी मान वळवली.